मीठ खाणारं शेवाळ

समजा, तुम्ही आत्ता कळव्यातल्या एका छोट्या वाचनालयात सतरंजीवर मांडी घालून बसला आहात. खिडकीतून दुपारचं ऊन आलंय. समोर विमलाबाई एका वाटीत मैद्याची खळ ढवळताहेत. शेजारी रंगीत कागदी पट्ट्या आहेत. पिवळी परीकथेला, लाल रहस्यकथेला, निळी विज्ञानकथेला. मुलांनी लिहिलेल्या गोष्टींचा इथे दर वर्षी एक जाड ग्रंथ बांधून घेतात. त्याआधी प्रत्येकानं आपली गोष्ट सगळ्यांना वाचून दाखवायची, आणि पट्टी कुठली ते ऐकणाऱ्यांनी ठरवायचं, असा इथला रिवाज. आत्ता उर्वीची गोष्ट वाचून संपली आहे, आणि भांडण सुरू झालं आहे. आता पुढचं ऐका.

"पिवळी!" साकेत ओरडला. "खाडीचं पाणी एकदम गोड झालं म्हणे. असं कुठं असतं का?"

"माझी विज्ञानकथा आहे," उर्वी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"मग रॉकेट कुठंय? साधा रोबो पण नाही यार!"

विमलाबाईंना हे भांडण फार आवडायचं. मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा वेळ जावा म्हणून त्या वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालायला आल्या होत्या. आता तो मुलगा टकला व्हायला आला तरी त्या इथेच होत्या. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतः एक ओळ लिहिली नव्हती, पण निळ्या पट्टीवरून मुलांना भांडताना शेकडो वेळा ऐकलं होतं.

"साकेत," त्या म्हणाल्या, "एक राजपुत्र घोड्यावरून राक्षसाला मारायला निघाला. कुठली पट्टी?"

"पिवळी."

"आता घोडा काढला, रॉकेट दिलं. राक्षस मंगळावर नेऊन बसवला."

साकेत डोकं खाजवू लागला. "तरी… राक्षसच आहे ना तो."

"मग राजपुत्राची गाडी बदलली फक्त. बरं, परीनं कांडी फिरवली तर तिला 'कसं काय' असं कोणी विचारतं का?"

"नाही. परीच आहे ती."

"विज्ञानकथेत मात्र विचारायचं. आणि लिहिणाऱ्यानं पटेल असं उत्तर द्यायचं. विचार उर्वीला."

"सांग, पाणी गोड कसं झालं?"

"शेवाळामुळे," उर्वी तावातावानं म्हणाली. "क्षिप्रा नावाच्या बाईंना मीठ खाणारं शेवाळ सापडतं. खाडीकाठच्या तिवराच्या पानावर मिठाचे कण येतात की नाही? चाटून बघ कधीतरी. ते झाड मीठ बाहेर टाकतं. माझं शेवाळ मीठ पोटात ठेवतं आणि जड होऊन तळाशी बसतं."

"असं शेवाळ खरंच आहे?"

"नाही. पण समजा, असलं तर?"

साकेतनं जरा विचार केला. "ओके. भारी आहे. निळी."

"एक 'समजा' प्रत्येकाला माफ असतो," विमलाबाई म्हणाल्या. "त्याच्यापुढे लबाडी नाही करायची. जगात एक गोष्ट बदलली की तिचे धक्के कुणाकुणाच्या दारापर्यंत जातात, ते बघत जायचं. मी तरी त्यालाच विज्ञानकथा म्हणते. मोठी माणसं अजून यावर भांडतात, तुम्हीही भांडा."

त्यांनी निळी पट्टी उचलून खळीत बोट बुडवलं. तेवढ्यात मागून सान्वीचा आवाज आला. ती कधी फारसं बोलत नसे.

"आजी, पाणी गोड झाल्यावर आमचे आबा काय करणार?"

सान्वीचे आजोबा, दौलतआबा, जन्मभर मिठागरात राबले होते. अजूनही सकाळी तिकडे चक्कर मारून आल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

"त्यांना दुसरं काम मिळेल," उर्वी म्हणाली.

"कसलं?"

उर्वीनं शेवटचं पान बघितलं. तिथे 'आणि सगळे सुखी झाले' असं लिहिलं होतं.

"सरकारनं सगळ्यांना नोकऱ्या दिल्या, असं घालू?"

"कांडी! कांडी!" साकेत आणि दोघंतिघं एकदम ओरडले. सगळे हसले. सान्वी हसली नाही. उर्वीही नाही.

जिन्यावर पावलं वाजली. बाइंडर आला होता. नाव बाळ, पण मिशा पार पिकलेल्या. "बाई, झालं का? उद्या गावी जायचंय मला. आज नेतो तेवढंच बांधणार."

विमलाबाईंचा हात थांबला. ग्रंथात सातवीपर्यंतच्याच मुलांच्या गोष्टी घेत, आणि उर्वी सातवीत होती. उर्वीनं वर्षभर या ग्रंथाची वाट पाहिली होती, हे त्यांना ठाऊक होतं. गोष्ट चांगलीच होती.

"उर्वी, आहे तशी जाऊ दे," त्या म्हणाल्या. "निळी पट्टी मिळालीच आहे की. सगळ्यांनी कबूल केलंय."

त्यांनी तिची पानं बांधायच्या गठ्ठ्यात ठेवली. बाळनं गठ्ठा काखेत घेतला तेव्हा उर्वी उठली.

"काका, एक मिनिट." तिनं गठ्ठ्यातून आपली पानं काढून घेतली.

"अगं, पुढच्या वर्षी तू आठवीत," विमलाबाई म्हणाल्या.

"माहितीये."

"मग या ग्रंथात नाही येणार हं तुझं नाव."

"माहितीये, आजी." तिनं नाक ओढलं. "पण मला ठाऊकच नाही ना सान्वीचे आबा काय करणार."

विमलाबाईंनी आणखी आग्रह केला नाही. खळीचं बोट त्यांनी सावकाश पुसलं. जिला लिहायला शिकवावं, तिनं आपलंच ऐकून आपल्यालाच नाही म्हणावं, याचं त्यांना मनातून बरं वाटत होतं, आणि वाईटही वाटत होतं. बाळ गठ्ठा घेऊन उतरून गेला.

उर्वी सान्वीजवळ गेली. "तुझे आबा आत्ता घरी असतील?"

"असतील. पण त्यांना कमी ऐकू येतं. जोरात विचारायला लागेल. आणि पहिल्यांदा ते चिडतीलच."

"चिडू देत."

दोघींनी चपला घातल्या. उतरता उतरता उर्वीनं सराव म्हणून मोठ्यानं विचारून बघितलं, "आबा, उद्यापासून खाडीत मीठच नसलं, तर तुम्ही काय कराल?"

"अजून जोरात," सान्वी म्हणाली.

उर्वीनं छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा विचारलं.