मिठाची साय

मी एक जुना माइक आहे. उरणजवळच्या एका शाळेत, नकाशांच्या कपाटात, अगदी खालच्या कप्प्यात पडून असतो. माझी वायर माझ्याच गळ्याभोवती गुंडाळलेली आहे आणि जाळीवर गंज चढला आहे. इथल्या हवेत मीठ असतं, ते घाई न करता खात जातं. खरं सांगायचं तर आता मी थकलो आहे. पण मित्रांनो, एक गोष्ट माझ्यापाशी राहून गेली आहे. ती तेवढी तुमच्या हाती द्यावी म्हणतो.

माझी रचना साधी. आत एक पातळ पडदा. आवाज आला की तो थरथरतो, त्या थरथरीची वीज होते आणि ती वायरीतून पुढे जाते. ऐकायचं आणि पुढे पोचवायचं, एवढंच माझं काम.

सुचिता मॅडमनी मला आणलं ते पोर्तुगालमधल्या एका शाळेशी बोलण्यासाठी. दर गुरुवारी साडेतीनला, तिकडे सकाळचे दहा वाजलेले असताना, दोन्हीकडचे आठवीचे वर्ग संगणकावर भेटत. दोघांचीही शिकायची भाषा इंग्रजी. दोघांनी मिळून एक बोलका शब्दकोश करायचा होता: शब्द, चित्र आणि तो शब्द बोलणाऱ्याचा आवाज. पाव, चावी, बटाटा हे आपले शब्द मूळचे तिकडचे, हे पहिल्याच दिवशी कळलं. तिकडची मुलगी 'बताता' म्हणाली तेव्हा आमचा वर्ग इतका हसला की माझा पडदा दुखला. त्या दिवसांत मला रोज मऊ फडक्याने पुसत.

वर्गातली अमिषा मात्र बोलत नसे. तिच्या घरची माणसं मिठागरात राबलेली. एकदा ती माझ्यासमोर 'न्हाय' म्हणाली, तर हर्षदने विचारलं, "हिचं न्हाय-हाय पोर्तुगालला पाठवायचं का आता?" सगळे हसले. त्यानंतर तिच्याकडून मला फक्त श्वास ऐकू येई.

शेवटच्या महिन्यात तिकडून एक प्रश्न आला. त्यांच्याही गावात मिठागरं होती. उन्हात पाणी आटताना मिठाचा जो पहिला पापुद्रा वर तरंगतो, त्याला ते मिठाचं फूल म्हणत. तुम्ही काय म्हणता? वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. गावातली बरीच मिठागरं भराव घालून बुजवली होती, तिथे आता कंटेनर उभे होते. अमिषा हळूच म्हणाली की आजीला माहीत असेल.

तिची आजी, आवडाबाई, शाळेत आली. मॅडम त्या दिवशी अलिबागला प्रशिक्षणाला गेल्या होत्या, म्हणून मुलांनीच मला जोडलं. हर्षदने बटण दाबलं. लाल दिवा लागला. मोबाइलवर लाल ठिपका म्हणजे रेकॉर्डिंग चालू. माझं उलटं आहे. माझा लाल म्हणजे बंद.

आवडाबाई अठरा मिनिटं बोलल्या. खाऱ्या पाण्याने फुटलेल्या टाचांबद्दल, वाऱ्याबद्दल, त्या पापुद्र्याबद्दल. माझा पडदा शब्दाशब्दाला थरथरला, पण पुढची वाट बंद होती. मला ओरडता येत नाही.

सोमवारी मॅडमनी रेकॉर्डिंग लावलं. अठरा मिनिटांची शांतता. गुरुवारी त्या वर्षाची शेवटची भेट होती आणि शब्दकोशात त्या शब्दापुढची आमची जागा रिकामी होती. मॅडमनी आजींना पुन्हा बोलावणं धाडलं. त्या गुरुवारी दारापर्यंत आल्या, पण आत येईनात.

"माजा सांगून झाला," त्या नातीला म्हणाल्या. "तू बाजूलाच बसली व्हतीस ना? आता तू सांग."

"मना न्हाय जमाचा, आजी. सगली हसतान."

"हसूं दे. मीठ लोखंडाला खाता, बाय. जिबेला न्हाय."

अमिषा माझ्यासमोर येऊन बसली. हर्षदने बटण दाबलं, वाकून दिवा नीट पाहिला आणि म्हणाला, "बोल. हिरवा हाय." आपणही 'हाय' म्हणालो, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

"आमी तिला मिठाची साय म्हनतो," अमिषा म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "दुधावर येते तशी. वारा पडला का येते. तवा पान्यात पाय न्हाय घालाचा, नायतर ती बुडते."

मग मॅडमनी ते इंग्रजीत सांगितलं. पलीकडून एक मुलगी अडखळत म्हणाली, "साय." मग तिचा सगळा वर्ग म्हणाला. आमच्याकडे कुणी हसलं नाही.

पुढच्या वर्षी तिकडच्या शिक्षिका दुसऱ्या शाळेत गेल्या आणि गुरुवार थांबले. शाळेत नवा माइक आला. मी कपाटात आलो.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण कुणी बोलायला बसलं की आधी दिवा पाहा, आणि यंत्र चालू आहे म्हणून स्वतः ऐकायचं सोडू नका. आवडाबाईंची ती अठरा मिनिटं मी पूर्ण ऐकली आहेत, पण मला ती परत देता येत नाहीत. जेवढी वाचली, तेवढी बाजूला बसलेल्या मुलीमुळे वाचली.