नाल्यापलीकडच्या सात्या

"मले आठ वर्षांत नाई दाखवली तुमी ती जागा, अन् त्या सराले एका दिवसात दाखवली?" रुख्मिणीने भाकरी तव्यावर जरा आपटूनच टाकली.

"तो काय बाजारात इकनार हाय का? अभ्यास करून राह्यला तो," सासूबाई वच्छलाबाई म्हणाल्या.

"अन् मी इकून पळून जानार होती?"

वच्छलाबाईंनी चुलीत लाकूड सारलं. सागाच्या रानातली ती जागा त्यांच्या सासूने मरायच्या आदल्या पावसाळ्यात त्यांना दाखवली होती. श्रावणात तिथे कुजलेल्या पानांतून पांढऱ्या अळंब्या उठत. गावात त्यांना सात्या म्हणत. वच्छलाबाई त्यांच्या मिटलेल्या कळ्या तेवढ्या खुडत आणि आदिलाबादच्या बाजारात भेंडी-दोडक्यांशेजारी मांडत. तासाभरात टोपली रिकामी. जागा कुणाला सांगायची नाही, हा गावातल्या सगळ्याच बायकांचा रिवाज. सुनेलाही न सांगणं हा वच्छलाबाईंचा स्वभाव.

उत्तमराव सर आदिलाबादच्या कॉलेजात शिकवत. एक्क्याण्णवच्या पावसाळ्यात ते बाजारात आले आणि अळंबीच्या देठाची माती निरखत बसले. एका जागेवरच्या अळंब्या वेगवेगळ्या, की जमिनीखालच्या एकाच जिवाची ती फळं, हे त्यांना शोधायचं होतं. भाव सोडून कुणी काही विचारावं, हे वच्छलाबाईंना नवीनच होतं. त्या त्यांना रानात घेऊन गेल्या. सरांनी तीस ठिकाणचे तुकडे कापून घेतले आणि प्रत्येक ठिकाणी लाल चिंधी बांधलेली, नंबर घातलेली खुंटी ठोकली. नाल्यापलीकडे आणखी एक लहानशी जागा होती. तिथे मात्र वच्छलाबाईंनी त्यांना नेलं नाही. दोन अळंब्या पळसाच्या पानात बांधून आणून दिल्या.

पुढच्या श्रावणात त्या गेल्या तर सागाखालची सगळी जमीन उकरलेली. बोटाच्या पेराएवढी कळीही कुणी सोडली नव्हती. घरी येऊन त्यांनी रिकामी टोपली ओसरीवर टाकली.

"तूच सांगतलं गावात. माह्या मागं-मागं आली असशील."

"माह्या लेकराची आन, मले ठावं नाई," रुख्मिणी म्हणाली. त्यानंतर महिनाभर ती सासूशी कामापुरतंच बोलली.

भाद्रपदात सर आले. उकरलेलं रान पाहून ते तिथेच बसले.

"चूक माझी आहे, मावशी. एक म्हातारा गुराखी आत्ता रस्त्यात भेटला. म्हणाला, लाल चिंध्या दिसल्या म्हणून पाहायला गेलो, तर अळंब्या सापडल्या. मग सगळ्या गावाला कळलं."

वच्छलाबाईंनी उकरलेल्या मातीत बोटं घातली. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे ते मेलं का आता?"

"खालचं जाळं शाबूत असलं तर परत उठेल. मी काचेच्या थाळीत दोन-दोन तुकडे शेजारी वाढवले. एकच जीव असला तर तंतू एकमेकांत मिसळतात. परका असला तर मधे काळी रेघ उठते. खुंट्यांपाशी कापलेले तीसही तुकडे मिसळले. ही साठ पावलांची जागा म्हणजे एकच जीव आहे. तुमच्या सासूबाईंच्याही आधीचा असेल."

"अन् नाल्यापलीकडची?"

"तिच्याशी रेघ उठली. ती वेगळी. छत्री उघडली की खालून बारीक भुकटी उडते, तेच यांचं बी. दोन बियांचे तंतू भेटले, जुळले, तर नवा जीव. पण सगळ्या कळ्याच खुडल्या तर भुकटी कुठली?"

वच्छलाबाई वीस वर्षं कळ्याच खुडत आल्या होत्या. उघडलेल्या छत्रीला बाजारात कुणी विचारत नाही.

त्या घरी आल्या तेव्हा रुख्मिणी तूर पाखडत होती. सुनेची माफी कशी मागतात, हे काही वच्छलाबाईंना ठाऊक नव्हतं. तो दिवस तसाच गेला. आणखी तीन गेले. चौथ्या दिवशी तांबडं फुटताना त्यांनी रुख्मिणीला हाक मारली, "ऊठ वो. टोपली घे."

नाला ओलांडून बांबूच्या बेटामागे गेल्यावर त्या बाजूला सरकल्या. अळंब्या नुकत्याच वर आल्या होत्या.

"हे जागा सराले बी नाई दाखवली मी."

"मंग मले काऊन दाखवून राह्यल्या?"

"तू सांगतलं नवतं गावात. त्या चिंध्यायनं झालं. मीच वंगाळ बोलली."

रुख्मिणी पदर खोचून खुडायला वाकली. शेवटच्या चार-पाच कळ्यांकडे तिचा हात गेला, तेव्हा वच्छलाबाई म्हणाल्या, "तेवढ्या राहू दे. उघडू दे त्यायले."

बाजारात एका गिऱ्हाइकाने टोपलीत डोकावून विचारलं, "कहाँ से लाती हो, अम्मा?"

"बहू से पूछो," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि दोडक्यांवर पाणी शिंपडू लागल्या.

रुख्मिणीने एका देठाची माती पदराने पुसली. "जंगल से," ती म्हणाली, आणि तराजू उचलला.