कड्याच्या खाली

मंजुळानं दोन्ही हातांनी बोऱ्याच्या तोंडाचं लोखंडी कडं धरलं आणि पाय आत सोडले. लाकडी चौकटीला टांगलेला तो रिकामा बोरा जवळजवळ तिच्याएवढा खोल होता. तळाला पाय टेकले तशी ती ताठ उभी राहिली. आज मान वर करावी लागली नाही. समोर जिनाचं, सरकी काढायच्या कारखान्याचं आवार दिसलं, कापसाच्या गाड्या दिसल्या, रस्त्यापलीकडचा लिंब दिसला.

"माय! डोकं वर आलं बघ!"

चतुराबाईनं सरकी काढलेल्या रुईचं डालं खाली ठेवलं. ती हसली, आणि मग तोंड फिरवून पदराला चिकटलेली रुई वेचत बसली.

रजाकारांच्या धाकानं मंजुळाचा बाप पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात गेला, तो परतला नव्हता. तेव्हापासून मायलेकी जिनात होत्या. बाया वरून रुई ओतायच्या, मंजुळा आत उभी राहून ती पायानं तुडवायची. मोठं माणूस उतरलं तर बोऱ्याची शिवण उसवे, म्हणून हे काम लेकरांचं. सकाळी उठल्यावर तिच्या थुंकीत पांढरे धागे असत.

"शेजारच्या संतरामकाकाची पोरगी साळंत जाती. मीच काहून हितं?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"तुजं डोकं कड्याच्या वर आलं की तुडवणं सरलं. मंग साळा."

मायनं शब्द दिला होता. बोऱ्यात उतरलं की मंजुळा रोज आधी टाचा उंचावून बघायची.

उकंडराव मुकादम चौकटीपाशी आला.

"मंजे, बाभळीवानी वाढलीस की गं!"

"आता मी साळंत जाणार, मामा. मास्तर म्हनले, पाटी घेऊन ये."

"जा की. मामलेदारीण हो अन् आमालाच दम दे." तो चतुराबाईकडं वळला. "पर उद्या बोऱ्यात दुसरं लेकरू पायजे बराबर. न्हाई तर तुजं डालं बी दुसरीला दीन."

"आनते," चतुराबाई म्हणाली.

"कुनाला गं, माय?"

चतुराबाईनं डालं डोक्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी मंजुळा आधी येऊन बोऱ्यात उतरली होती. नवं लेकरू येईपर्यंतच. मागून माय आली, तिच्या बोटाला धरून धाकटी बहीण गोजर. तेल लावून केस चापून बसवलेले, काखेत पाटी. आपल्याला साळंत पोचवायला आली, असं वाटून मंजुळा हसली.

"आक्का, तुजी पाटी आनली. आता तू साळंत जायचं, अन् मी नाचायचं."

"कुठं नाचायचं?"

"बोऱ्यात. माय म्हनली, खाली मऊ मऊ आसतं."

बोलता बोलता गोजरला शिंक आली. मग दुसरी. तिनं नाक फ्रॉकला पुसलं.

मंजुळानं मायकडं पाहिलं. माय चौकटीच्या लाकडाकडं बघत होती.

तेवढ्यात उकंडराव आलाच.

"ही व्हय नवी? चिमणीएवढी हाय की. चल मंजे, वर ये. हिला उतरू दे."

बोऱ्यातून कुणी वर आलं नाही.

"मामा, माजं डोकं अजून न्हाई आलं वर."

"काल तर दिसत व्हतं!"

"काल मी टाचा वर केल्या व्हत्या."

उकंडराव जवळ आला, कड्यावर हात ठेवून वाकला. मंजुळाचं डोकं कड्याच्या चार बोटं खाली होतं.

"लबाड हायेस लेकाची," तो म्हणाला आणि गाड्यांकडं निघून गेला.

चतुराबाईनं बोऱ्याकडं पाहिलं. बोऱ्याचं कापड एका बाजूनं दोन ठिकाणी पुढं आलं होतं. आतून दोन गुडघे टोचत होते.

"आक्का, मंग पाटी?"

"तूच ठेव. संतरामकाकाची पोरगी आता रस्त्यानं जाईल. तिचा हात धर अन् जा."

गोजर थोडा वेळ घुटमळली, मग लिंबाकडं पळाली.

"माय, ओत ना."

चतुराबाईनं डालं उचललं. ओतताना तिनं डोळे मिटून घेतले. आत तुडवणं सुरू झालं. मुकादम केव्हाच लांब गेला होता, तरी कापडातले ते दोन गुडघे सरळ झाले नाहीत.