वाढत्या अंगाचा स्वेटर

"पोरगी केवढी आहे?" लुस्मिलाने स्वेटरची थप्पी पुढे ओढत विचारलं.

"तेराची."

"मग बाराचं माप पुरे. फार तर चौदाचं."

"सोळाचं दाखव."

"अहो मावशी, सोळाच्यात दोघी मावतील. की वाढत्या अंगाचं घेताय? बरोबर आहे म्हणा. या वयात पोरी डोळ्यांदेखत वाढतात."

एरमिनियाने थप्पीतले स्वेटर उलटसुलट करून पाहिले. एरवी ती कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे. आयाकुचो शहराच्या बाजारात तिचा वजडीच्या रश्शाचा ठेला आहे आणि वाडग्यात तुकडे कमी पडले म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ती उभ्या उभ्या सोलून काढते. कपड्यांच्या गल्लीत मात्र सकाळपासून ती मोजकंच बोलत होती.

"नातीचा वाढदिवस वाटतं?" लुस्मिलाने विचारलं.

"बहिणीसाठी हवंय."

"तुमची बहीण तेराची? कमाल आहे हो तुमच्या आईची, या वयात..." लुस्मिला हसायला लागली आणि मध्येच थांबली. आयाकुचोत असलं कोडं सुटायला वेळ लागत नाही. तिने हातातला गुलाबी स्वेटर मिटून बाजूला ठेवला. "कुठलं गाव, मावशी?"

"वायरापाता."

"माझा मामा तिकडचाच. अजून नाही सापडला. तुमची कधी सापडली?"

"गेल्या वर्षी. रक्त माझ्याशी जुळलं. उद्या हाडं देणार आहेत."

चाळीसेक वर्षांपूर्वी बंदूकवाले गावात आले तेव्हा सोसिमा तेरा वर्षांची होती आणि एरमिनिया नऊची. टेकडीवरच्या शेळ्या आणायला गेलेल्या सोसिमाला त्यांनी ट्रकमध्ये घातलं, एवढं गावाने पाहिलं. पुढचं कुणी पाहिलं नाही, किंवा पाहिलं ते सांगितलं नाही. आई दारोदार फिरली, प्रत्येक छावणीच्या फाटकावरून हाकलली गेली आणि शेवटी अंथरुणाला खिळली. मरताना तिने घराबद्दल की जमिनीबद्दल अवाक्षर काढलं नाही. एवढंच म्हणाली, "सोसिमा सापडली तर तिला नवं घ्या. कुणाचं उतरलेलं घालू नका."

मेलेल्याला नव्या कपड्यांत पाठवायचं, ही इकडची रीत. नुसती हाडं हाती आली तरी ती चुकवत नाहीत. पेटीत हाडं जागच्या जागी लावायची आणि त्यांवर कपडे असे मांडायचे की जणू अंगात घातलेत. सोसिमाच्या अंगाला तर जन्मात कोरं कापड लागलं नव्हतं. मावसबहिणीचे उतरलेले कपडे ती वापरायची आणि तिचे उतरलेले एरमिनियाच्या वाट्याला यायचे. बाह्या हाताखाली लोंबायच्या. सोसिमा पुढ्यात उकिडवी बसून त्यांना तीन घड्या घालायची आणि म्हणायची, "मोठी झालीस की उलगडू."

लुस्मिला स्टुलावर चढली आणि वरच्या फळीवरून एक लाल स्वेटर काढून आणला. चांगला जाड, लोकरीचा. "लाल आवडायचा का तिला?"

"कोण जाणे. तिला कुणी विचारलंच नव्हतं."

स्वेटर, निळा घागरा, पांढरा सदरा, आतले कपडे, सगळं सोळाच्या मापाचं निघालं. एरमिनियाने घासाघीस केली नाही. लुस्मिलाने वर मोज्यांची एक जोडी टाकली. "हे माझ्याकडून. आणि मावशी, अजूनही सांगते, मोठं होईल. झालं तर बदलून न्या."

"नाही व्हायचं. उंच होती ती. तिच्या पाठीवर बसले की मला कुंपणापलीकडचं दिसायचं."

या उंचीचा एरमिनियाला केवढा आधार होता, ते तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. रात्री झोप उडाली की तिच्या डोळ्यांपुढे ट्रक यायचा, माणसं यायची आणि त्यांच्यात ताठ उभी असलेली सोसिमा. सहजासहजी हाती लागली नसेल, त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी राहिली असेल, असं ती स्वतःला सांगायची आणि कूस बदलायची.

दुसऱ्या दिवशी चर्चशेजारच्या सभागृहात टेबलं मांडली होती आणि प्रत्येक टेबलाशी एकेका घरची माणसं उभी होती. सगळ्या पेट्या पांढऱ्या, सगळ्या आखूड. एरमिनियाच्या टेबलाशी हाडं तपासणारी, पांढऱ्या कोटातली रोसियो नावाची मुलगी कागदी पुड्या सोडून एकेक हाड हलक्या हाताने पेटीत लावत होती. ही कवटी, ताई. हा खांदा. हा हात. पायांपर्यंत येऊन ती थांबली.

एरमिनिया अजून पुढचं येण्याची वाट पाहत होती.

"बाकीचं?" तिने विचारलं.

"एवढंच, ताई. सगळं मिळालंय, एक बोटसुद्धा कमी नाही."

"ही ती नाही. माझी बहीण उंच होती."

"रक्त पक्कं जुळलंय. दोनदा पाहिलंय आम्ही." रोसियोने आपला तळवा स्वतःच्या छातीशी आडवा धरला. "एवढी असेल बघा. वयाच्या मानानेही थोडी लहानच."

एरमिनियाने त्या हाताकडे पाहिलं. तिचा धाकटा नातू तेवढा होता. नऊ वर्षांच्या पोरीने खालून वर पाहिलेली बहीण तिने आजवर तशीच जपली होती. स्वतः वाढली, म्हातारी झाली, पण ते माप काही तिने पुन्हा घेतलं नव्हतं. एवढीशी पोर, आणि ट्रक भरून माणसं. ताठ उभी राहिली असती तरी त्यांच्या छातीपर्यंतही पोचली नसती. तिने टेबलाची कड धरली.

रोसियोने घागरा मांडला, सदरा मांडला, त्यावर लाल स्वेटर. घागरा पावलांखाली गोळा झाला. स्वेटरच्या बाह्या पेटीच्या दोन्ही कडांवरून बाहेर लोंबल्या.

नवरा फाउस्तो पुढे झाला आणि हळूच म्हणाला, "अगं, दुकान उघडं असेल. पळत जाऊन बदलून आणतो. बदलून देईन म्हणाली होती ना ती?"

"नको."

"मोठं होतंय गं फार."

"होऊ दे. नवं आहे."

पेटीचं झाकण धरून उभा असलेला माणूस घड्याळाकडे बघत होता. अजून बरीच टेबलं राहिली होती. एरमिनियाने डोळे पुसले, टेबलाशी गुडघे टेकले आणि डावी बाही हातात घेतली. एक घडी घातली, दुसरी घातली, तिसरी घातली. बाही मनगटाच्या हाडाशी येऊन थांबली. तिने घडी अंगठ्याने दाबून बसवली. मग ती उठली, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली आणि उजवी बाही हातात घेतली.