गाठी मारलेल्या चिंध्या

माझ्या लाथाळी गाईच्या दुधात गुठळ्या आल्या, त्याच दिवशी मी ओळखलं, हे धाकटीचं काम.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. आमचा गोठा एकच, गाई पाच. तीन माझ्या, दोन तिच्या, मधे नुसती गव्हाण. लाथाळीची कास एका बाजूने दगडासारखी टणक झाली होती, हात लावला की बिचारी थरथरायची. चार दिवसांनी काळीचंही तेच. दगडी म्हणतात आमच्यात या रोगाला. आणि गव्हाणीपलीकडे धाकटीच्या दोघी मजेत रवंथ करतायत! आता तुम्हीच सांगा, रोग काय मालकीण बघून येतो?

"अगं, होतं कधीकधी," आमचे हे म्हणाले. ह्यांचं काय, घराला आग लागली तरी बरा उजेड पडला म्हणतील.

मी पाळत ठेवली. धाकटी पहाटे माझ्याआधी गोठ्यात यायची आणि मी दिसले की काखेतला पत्र्याचा डबा चारा कापायच्या यंत्रामागे सरकवायची. का गं बाई, दुधाच्या गोठ्यात लपवायचं काय असतं? तिसऱ्या दिवशी ती दूध घालायला केंद्रावर गेली आणि मी डबा उघडला. आत जुन्या चादरीच्या दोन ओलसर चिंध्या, औषधाचा भपकारा मारणाऱ्या. एकीला एक गाठ, दुसरीला दोन.

दोन गाठी, आणि माझ्या दोनच गाई आजारी! चिंध्यांना गाठी मारून लोक कसली करणी करतात ते मला कुणी शिकवायला नको. तिला विचारायच्या भानगडीत मी पडले नाही. विचारलं असतं तर गोड बोलून वेळ मारून नेली असती. दोन्ही चिंध्या बंबात घातल्या आणि गोठ्याला कुलूप ठोकलं.

"जाऊबाई, माझ्या गाईंची धार?" धाकटी दारात उभी.

"पाचही जणींची मी काढीन. तुझं दूध तुला मिळेल, थेंब इकडचा तिकडे व्हायचा नाही."

"माझा डबा..."

"बंबात गेलं त्यातलं सगळं. बोल आता काय बोलायचंय ते!"

तिने रिकामा डबा उचलून काखेत मारला. मी म्हटलं, बघा, चोराला अजून डब्याचीच पडली आहे. मग हळूच म्हणाली, "बाटली पहिलटकरीण आहे. तिला जपा, हात जोडते. आणि निदान फडकं तरी..."

"फडक्याचं मला सांगू नकोस," मी तिला तिथेच तोडलं.

बाटली ही तिची लाडकी. जन्मतःच आई मेली म्हणून धाकटीने तिला बाटलीने दूध पाजून वाढवली. ती पहिल्यांदा व्यायली तेव्हा ही बाई गोठ्यात बसून रडली होती.

माझं काम कसं, तर चोख. बादलीत कोमट पाणी, त्यात माझं पांढरंशुभ्र फडकं. आधी लाथाळी, कारण तिला दुखतं, ताटकळत कशाला ठेवायची? तिची कास पुसायची, धार काढायची, फडकं घट्ट पिळायचं, मग काळी, मग बाकीच्या. सगळ्यात शेवटी बाटली. तीस वर्षं असंच करत आले, एक दिवस चुकले नाही.

सहाव्या दिवशी बाटलीने लाथ झाडली. भांड्यात पाहिलं तर गुठळ्या.

कुलूप माझं, किल्ली माझ्या कमरेला, मग धाकटीने केलं तरी कुठून? खरं सांगते, लाज वाटते सांगायला, पण मी उठून खिडकीचे गज हलवून पाहिले.

गुरांची डॉक्टरीण धाकटीनेच बोलावली. तिने चार खळग्यांच्या ताटलीत बाटलीच्या चारही सडांचं दूध घेतलं, वर जांभळं औषध ओतलं. एका खळग्यातलं दूध शेंबडासारखं घट्ट झालं, म्हणजे त्या सडात रोग. मग म्हणाली, "संध्याकाळची धार तुम्ही नेहमी काढता तशीच काढा. मी बघते."

मी ऐटीत बसले. लाथाळीची कास पुसली, धार काढली, फडकं पिळलं आणि काळीकडे वळले.

"थांबा," ती म्हणाली. "पाचही गाईंना हेच फडकं?"

"रोज धुते मी. वास घेऊन बघा हवं तर."

"अहो ताई, रोगाचे जंतू त्या फडक्यात आणि तुमच्या हातांवर बसून या गाईवरून त्या गाईवर जातात. आजारी गाईची धार शेवटी काढायची, हात धुवायचे आणि प्रत्येकीचं फडकं वेगळं ठेवायचं. अदलाबदल नको म्हणून गाठी मारायच्या. पहिलीला एक, दुसरीला दोन. केंद्रावर सांगितलं होतं की मी सगळ्यांना."

केंद्रावर धाकटी गेली होती. मी नव्हते गेले. मला एकदम आठवलं, त्या संध्याकाळी ती सांगायला आली होती आणि मी तिला म्हटलं होतं, "कालची आलेली तू, मला धार काढायला शिकवणार?" त्यानंतर ती आपली लपूनछपून करत राहिली, माझ्या तोंडाला भिऊन.

"बाटलीचं काय?" धाकटीने विचारलं.

"औषध देऊ. पण तो सड परत चालू होईल असं वाटत नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तिच्या गाईला रोग मी लावला होता, माझ्या या हातांनी, रोज शेवटचा नंबर लावून.

दुसऱ्या दिवशी मी नवी कोरी चादर फाडली. पाच गाईंची फडकी केली, एकापासून पाचापर्यंत गाठी मारल्या आणि किल्लीसकट धाकटीपुढे ठेवली. "चुकलं माझं," म्हटलं. हे दोन शब्द उच्चारायला मला सकाळची दुपार झाली होती.

तिने पाच गाठींचं फडकं उचललं. बाटलीचं. नखाने एकेक करून सगळ्या गाठी सोडवल्या आणि पुन्हा स्वतःच्या हाताने मारल्या.

"हिला तुम्ही हात लावू नका, जाऊबाई," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

आज बाटली तीन सडांवर दूध देते. गोठ्याचं कुलूप धाकटीने काढलं नाही, किल्ली तिच्याच कमरेला असते. रोज पहाटे मी हात धुऊन दाराबाहेर उभी राहते आणि तिला हाक मारते.