डाव्या कडेची चमक

धाकट्याने ताईने सांगितलेली चमक पडद्यावर शोधली. ती नेहमीप्रमाणे सापडली नाही, आणि त्याने नेहमीप्रमाणे ‘बाद’वर बोट दाबलं. दाबताना तो चक्क शीळ घालत होता.

वेधशाळेतल्या छाननीच्या खोलीत सकाळीसुद्धा खिडकीला काळं कापड ओढलेलं असे. कॅमेऱ्यांनी रात्रभर टिपलेलं आकाश इतकं फिकं, की बोटभर ऊन आत आलं तरी त्यातलं निम्मं दिसेनासं व्हायचं. क्षणभर चमकून विझलेलं जे काही असेल ते त्याच्यापुढे यायचं, आणि ते काय होतं हे त्याने ठरवायचं. एखादा निकामी उपग्रह गरगरत उन्हाची तिरीप मारून जाई. विमानं तर पैशाला पासरी. एक कॅमेरा टेकडीवर होता, दुसरा लांब पाण्याच्या टाकीवर. दोघांनी पाहिली तर चमक आकाशातली. एकट्यानेच पाहिली तर त्या कॅमेऱ्याची काहीतरी भानगड, बाद. हा नियम ताईनेच घालून दिला होता.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. कॅमेरे यायच्या कितीतरी आधीपासून ती गच्चीवर आरामखुर्ची टाकून नुसत्या डोळ्यांनी उल्का टिपायची आणि अजूनही टिपत होती. माघारी सगळे तिला घुबड म्हणत. ते तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. धाकट्याला तारे दाखवले तेही तिनेच.

“रेघ ओढत गेली ना, ती बाजूने गेली,” लहानपणी ती त्याला सांगायची. “जागच्या जागी चमकून विझली, तर समज, स्वारी सरळ आपल्याकडेच येतेय.”

मग तो चादरीत तोंड खुपसायचा आणि ही खुदुखुदु हसायची.

अशा बहिणीला चुकीचं ठरवायचं सुख त्याला आता कुठे, केस पिकल्यावर मिळत होतं. बरेच दिवस ती रोज सकाळी तेच सांगत होती: पांढरी चमक, कमानीसारखी, अगदी कडेला, डोळ्याचं पातं लवायच्या आत गेलेली. आणि रोज दोन्ही कॅमेरे कोरे. आज तर त्याने तिला पकडायचं पक्कं ठरवलं होतं.

दार ढकलून ताई चहाचे दोन कप घेऊन आत आली.

“सापडली?”

“नाही. ताई, आता कबूल कर. म्हातारी झालीस.”

“मी कशाला म्हातारी होते? तुझे कॅमेरे आंधळे आहेत.”

“दोन्ही? एकदम?” त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. “बरं, मला सांग, काल कुणीकडे तोंड करून बसली होतीस?”

“उत्तरेला.”

“आणि चमक?”

“डाव्या हाताला.”

“परवा?”

“परवा वारा होता. दक्षिणेला तोंड करून बसले.” ती क्षणभर थांबली. “डाव्याच हाताला.”

“म्हणजे काल पश्चिमेला आणि परवा पूर्वेला! वा रे वा! तू खुर्ची फिरवलीस की आकाशपण फिरतं का गं? ती तुझ्याबरोबर येते, ताई. म्हणजे आकाशातली नाहीच ती. संपला विषय!”

त्याने टेबलावर थाप मारली. आता ही कडाडणार म्हणून तो सरसावून बसला. 

“बरोबर आहे रे तुझं,” ती म्हणाली.

हे एवढं वाक्य ऐकायला तो जन्मभर थांबला होता. ऐकलं तर अगदीच पचपचीत लागलं. तिने निदान एक टपली तरी मारायची.

ती कप ठेवायला वळली आणि अंधारात तिची मान एकदम डावीकडे गेली.

“ही बघ! आत्ता! दिसली ना?”

सवयीने त्याने वर पाहिलं. वर छत होतं. एक बंद पंखा आणि पाणी झिरपल्याचा जुना डाग.

तो हसायला गेला आणि हसू तोंडातच राहिलं. तेवढ्यात ताईने एक कप टेबलावर ठेवला आणि दुसरा कडेबाहेर. कप खाली पडून फुटला, चहा तिच्या पावलांवर उडाला, आणि ती टेबलाकडे पाहतच राहिली, जणू टेबलानेच तिला फसवलं होतं.

“ताई, बस इथे. उजवा डोळा झाक.”

“का रे?”

“झाक गं.”

तिने तळवा डोळ्यावर धरला. तिच्या डाव्या बाजूला, गालापासून वीतभर अंतरावर, त्याने आपला हात नेला.

“हात दिसतो?”

“कुठे धरलायस?”

तो बोटं हलवत होता.

“तिकडे काळंच आहे,” ती सहज म्हणाली. “तू खिडकीला लावलंयस ना कापड, तसं. कालपासून आहे. मला वाटलं, झोप झाली नाही म्हणून असेल.”

चमक आकाशातली नाही म्हटलं की इथलं काम संपायचं. मग ती आहे कुठे, हे विचारायची इथे रीतच नव्हती. मघाशी शीळ घातल्याची त्याला लाज वाटली.

डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लागला. पलीकडच्या बाईंनी दोन प्रश्न विचारले, आणि तिसरा विचारताना त्यांचा आवाज चढला.

“इतके दिवस चमका दिसतायत आणि तुम्ही काय करत होता?”

त्याची नजर पडद्यावरच्या ‘बाद’वर गेली.

“डोळ्याच्या आतला पडदा सुटत आला असणार. डोळा जाईल त्यांचा. असाल तसे निघा. आणि वाटेत चमका थांबल्या तर बरं झालं म्हणून मागे फिरू नका. तेव्हा जास्तच घाई करा.”

हे त्याने ताईला सांगितलं नाही. “तपासून येऊ,” एवढंच म्हणाला. ती कुरकुरत गाडीत बसली. डावीकडचा पट्टा तिला सापडेना, तो त्याने ओढून लावला. तारे बघायला जन्माला आलेली ही बाई, तिचा डोळा गेला तर तिच्याजवळ उरणार काय, या विचाराने त्याने गाडी भरधाव सोडली.

“दिसतेय का गं अजून?”

“हो.”

चौक गेला. सिग्नल लागला, सुटला.

“आता?”

“हो रे बाबा, हो. इतके दिवस नाही म्हणत होतास, आता दर मिनिटाला काय विचारतोस?”

त्या ‘हो’साठी तो देवाचे आभार मानत होता. पूल आला. पुलावर गर्दी होती. त्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

पूल उतरल्यावर ताई ताठ बसली. बाहेर बघायला तिने डावीकडे सबंध मान वळवली, मग त्याच्याकडे पाहिलं. दुखरी दाढ थांबल्यावर येतो तसा आराम तिच्या चेहऱ्यावर होता.

“अरे, थांबली बघ,” ती म्हणाली. “मघापासून एकदाही नाही. उगाच घाबरवलंस मला. चल, फिरव गाडी.”