स्वखुशीने सोडलेली जागा

माझ्या भावाने विमानातली जागा स्वखुशीने सोडली, अशी त्या विमान कंपनीच्या दफ्तरी नोंद आहे. खाली त्याची सही आहे, त्याच्याच हाताची, नावाखाली दोन रेघा ओढलेली. आता तो गावभर सांगत फिरतो की इंद्रायणीने सख्ख्या भावाला फसवलं. फिरू दे. काय केलं ते मीच सांगते, म्हणजे तिखटमीठ लावायचे त्याचे कष्ट वाचतील.

आधी आमच्या जागेचं सांगायला हवं. चाकणच्या पुढे रस्त्याला लागून वडिलांची तीन एकर अकरा गुंठे जमीन होती. वडील गेले, वर्षश्राद्ध झालं आणि दिवाळीच्या आठवडाभर आधी रविराजदादा स्वतः गाडी घेऊन माझ्या सासरी आला.

"इंदे, चल. एक सही करायची हाय."

"कशावर?"

"जागेचा कागद हाय. घरचंच काम. भावावर इस्वास न्हाई व्हय?"

विश्वास होता, तीच तर चूक. रजिस्टर कचेरीत ही गर्दी. खिडकीतल्या साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "स्वखुशीने सोडताय ना ताई? कोणाचा दबाव नाही ना?" काय सोडतेय ते विचारायला मी तोंड उघडलं, तर दादाच म्हणाला, "स्वखुशीनंच की, साहेब. भन हाय माझी." मग मीही मान हलवली, सही केली, अंगठा दिला, फोटोला बसले. फोटोत मी हसते आहे. भाऊबीजेला त्याने मोरपंखी साडी दिली, वर उसाचा रस पाजला होता तो वेगळाच.

पुढे कधीतरी माझ्या नवऱ्याने, गोरक्षने, त्या कागदाची नक्कल वाचून दाखवली. हक्कसोडपत्र. वडिलांच्या जमिनीत माझा आता मातीच्या ढेकळाइतकाही वाटा नव्हता. साडीचोळीवर बोळवण म्हणतात ती हीच. मी तणतणत माहेरी गेले, तर आईने मला चुलीपाशी ओढलं. "भावाशी भांडशील तर माहेर तुटंल, पोरी. माझ्या माघारी कुणाच्या दारात जाशील?" मी गप्प बसले. आमच्याकडच्या बायका याच एका भीतीने गप्प बसतात, आणि भावांना ते पक्कं ठाऊक असतं.

जमीन गोडाऊनवाल्यांना गेली आणि आलेल्या पैशातून दादाने बस घेतल्या. आधी चार, मग सोळा. कंपन्यांच्या कामगारांना शिफ्टला आणायचं आणि सोडायचं, हा धंदा. बाईच्या नावावर धंदा असला की कंपन्या कंत्राट देताना झुकतं माप देतात, हे त्याला कोणीतरी सांगितलं. वहिनी झेडपीच्या शाळेत शिक्षिका, तिला नियमाने धंदा करता येत नाही. मग त्याला बहीण आठवली. इंद्रायणी ट्रॅव्हल्स. सोळाच्या सोळा बस माझ्या नावावर, बँकेतलं खातं माझ्या नावावर, परवाने माझ्या नावावर. मोबाईल नंबर तेवढा सगळीकडे त्याचा. बँकेतून निरोप आला तर त्याला, कंपनीतून फोन आला तर त्याला. मी फक्त सहीची धनी.

पण मांजरही एकदाच तोंड भाजून घेतं. त्या रजिस्टर कचेरीनंतर मी एकाही कागदावर वाचल्याशिवाय सही केली नाही. ट्रॅव्हल्स सुरू झाल्यापासून सहा वर्षं बिलं वाचली, रूट वाचले, डिझेलच्या पावत्या वाचल्या. कोणती बस किती पिते, कोणता ड्रायव्हर गाडी जपतो आणि कोणता घाटात क्लच जाळतो, हे मला तोंडपाठ झालं. दादाला वाटायचं मी मठ्ठ आहे म्हणून हळू वाचते. "आमच्या इंदीला वाचायला लई येळ लागतो," असं तो चारचौघांत हसून सांगायचा. मीही हसायचे.

या वर्षी चाकणला एक नवा कारखाना उभा राहिला. पाच वर्षांचं कंत्राट होतं, त्यांचं मोठं ऑफिस दिल्लीला, आणि त्यांची अट एकच: मालकाने स्वतः येऊन बोलायचं आणि सही करायची. सकाळी साडेनऊची वेळ. दादाने आदल्या दिवशीच्या दुपारच्या विमानाची दोन तिकिटं काढली. कासारवाडी सोडून लोहगावच्या विमानतळाला पोचेपर्यंत त्याने मला तीनदा पढवलं.

"तू निस्ती सही कर. बोलायचं मी बघतो. आन मोबाईल नंबर माझाच टाकायचा, काय?"

"आन मला काय इचारलं तर?"

"हसायचं."

मी खिडकीबाहेर बघत बसले. पाच वर्षं अजून हसायचं होतं. या कंत्राटावर दादाचा नंबर पडला की पुढची पाच वर्षंही मी सहीपुरतीच उरणार होते, आणि जिच्यासाठी गप्प होते ती आई तोवर राहील की नाही कोणास ठाऊक.

आत आम्ही गेटपाशी बसलो. दोघांचे बोर्डिंग पास माझ्या पर्समध्ये, कारण दादा कागद हरवतो. त्याचा फोन सुरूच होता. तळेगाव चौकात एक बस बंद पडली होती आणि तो ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. जोडून सुट्ट्या आलेल्या, सगळी विमानं भरलेली. तेवढ्यात गेटवरच्या मुलीने माइक घेतला. आधी इंग्रजीत सांगितलं, मग हिंदीत, आणि कोणी हलेना तेव्हा मराठीत: विमानात जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली आहेत, कोणी स्वखुशीने आपली जागा सोडायला तयार आहे का? उद्या दुपारचं तिकीट, रात्रीचं हॉटेल आणि वर भरपाई मिळेल.

स्वखुशीने. जागा. माझ्या कानशिलात कळ गेली.

खरं सांगते, उठले तेव्हा मी माझीच जागा सोडायला निघाले होते. मालकीणच गेली नाही तर दादा दिल्लीत काय सही करणार, कपाळ? एवढाच राग होता. आणि जागा सोडायची मला सवयही होती.

मुलीच्या छातीवर उत्कर्षा नावाची पट्टी होती. तिने दोन्ही पास बघितले. "दोघे आहात? मला एकच जागा हवी आहे. दोघांपैकी कोण सोडतंय, ताई?"

एकोणचाळीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. घरात दोघं असली की सोडायचं कोणी, हे आमच्याकडे जन्माच्या वेळीच ठरलेलं असतं.

"भाऊ," मी म्हणाले.

"त्यांची स्वतःची सही लागेल. आणि मला त्यांना विचारावं लागेल."

"चला की."

दादा मोबाईल कानाला लावून, पाय पसरून बसला होता. उत्कर्षाने दिलेला कागद आणि पेन मी पुढे केलं.

"काय हाय?" त्याने फोनवर हात ठेवून विचारलं.

"जागेचा कागद हाय."

"कुठं?"

मी बोट ठेवलं. त्याने मांडीवर ठेवून सही केली आणि खाली दोन रेघा ओढल्या. वर काय लिहिलंय ते डोळे खाली करून बघितलं असतं तरी चाललं असतं, मराठीतही छापलेलं होतं. उत्कर्षा माझ्या मागेच उभी होती. तिने विचारलं, "सर, तुम्ही स्वखुशीने जागा सोडताय ना?"

"अय, त्या क्लीनरला दे फोन!" दादा मोबाईलमध्ये ओरडला.

"स्वखुशीनंच," मी म्हणाले. "भाऊ हाय माझा."

पण मुलगी पक्की होती. त्याच्यासमोर येऊन तिने पुन्हा विचारलं. दादाने तिच्याकडे बघितलं, जोरात मान हलवली, "हां हां मॅडम, घ्या, सगळं घ्या, पर आता बोलू द्या," आणि पुन्हा क्लीनरकडे वळला. ती कागद घेऊन गेली.

मी त्याला समजावून सांगितलं असतं तर त्याने सही केली नसती, हे मला माहीत होतं. मला समजावून सांगितलं असतं तर मीही केली नसती, हे त्यालाही त्या दिवशी रजिस्टर कचेरीत माहीतच होतं. माझ्या मनाला जराही टोचणी लागली नाही. उलट छातीवरून पोतं उतरल्यासारखं वाटलं.

रांग लागली. माझा पास मशीनवर हिरवा झाला. दादाने मागून हात पुढे केला, "आण माझा." मी त्याच्या हातात उत्कर्षाने दिलेलं पाकीट ठेवलं.

"ह्ये काय?"

"तुझं उद्याचं तिकीट. दुपारचं. हाटेलबी हाय, नाष्ट्यासकट."

तो आधी हसला. मग त्याने वाचलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाचायला वेळ लागला.

"इंदे, काय केलंस ह्ये?"

"मी कुठं? सही तुझी हाय."

तो उत्कर्षावर धावून गेला. तिने शांतपणे कागद दाखवला. त्याची जागा सुट्टी संपवून कामावर निघालेल्या एका जवानाला मिळाली होती आणि तो आत जाऊन बसलाही होता. जवानाला उठवा, असं म्हणायला दादाची जीभ रेटेना. चार लोक बघत होते, त्यातला एक तर आमच्याच भागातला, ओळखीचा. दादा झेडपीला उभं राहायच्या बेतात आहे. त्याने आवाज गिळला आणि माझ्याकडे वळला.

"तू बी थांब. मी दिल्लीला सांगून मीटिंग पुढं ढकलतो. उद्या दोघं जाऊ."

मी बॅग खांद्यावर घेतली.

"इंदू," आता तो मऊ झाला, "तुला एकटीला न्हाई जमायचं गं. तू कधी विमानात बसलीस? ते लोक इंग्रजीत बोलत्यात. लाज जाईल आपली."

खोटं कशाला बोलू, तो म्हणत होता त्यातलं निम्मं खरंच होतं. पण थांबले असते तर उद्या तो माझ्या शेजारी बसणार, तो बोलणार आणि मी हसणार. मी विमानाकडे जाणाऱ्या बोगद्यात शिरले. मागे तो हाका मारत होता. विमानात माझ्या शेजारी तो जवान होता, त्यानेच मला पट्टा लावायला शिकवलं.

त्या रात्री दादा मुंबईहून दिल्लीचं विमान धरायला गाडी घेऊन निघाला आणि खंडाळ्याच्या घाटात कंटेनर आडवा झाल्यामुळे पहाटेपर्यंत तिथेच बसला, हे मला नंतर कळलं. ऐकून मी मनापासून हसले.

दिल्लीच्या ऑफिसात समोर एक बाईच होती, करड्या केसांची, चष्मा नाकावर. इंग्रजी राहिलं बाजूला, ती हिंदीतच बोलली, आणि सहा वर्षं ड्रायव्हर-क्लीनरशी बोलून माझं हिंदी काही अगदी उपाशी नव्हतं. तिने विचारलं, बस रस्त्यात बंद पडली तर दुसरी किती वेळात? मी सांगितलं, चाळीस मिनिटांत, एक गाडी कुरुळी फाट्यावर रिकामी उभीच असते. तिने विचारलं, सात नंबरची गाडी इतकी जुनी कशी? मी म्हटलं, जुनीच आहे, पहिल्याच महिन्यात बदलते. बोलून गेल्यावर कळलं की मी "बदलते" म्हणाले. दादाला विचारून सांगते, असं म्हणाले नाही.

मधेच तिच्या टेबलावरचा फोन वाजला. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मालकिन तो मेरे सामने बैठी हैं। आप कौन?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. तिने मात्र फोन ठेवला आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

तो मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. तिने घाई केली नाही. मोबाईल नंबरच्या रकान्यात माझा नंबर लिहिला. तिथूनच बाहेर पडून आमच्या बँकेच्या दिल्लीतल्या शाखेत गेले आणि खात्यावरचा नंबर बदलायचा अर्जही देऊन आले. खातेदाराला त्यासाठी भावाची परवानगी लागत नाही.

रस्त्यावर आले तोच फोन वाजला.

"केलीस सही?" दादाचा आवाज बसला होता.

"केली."

"नंबर कुणाचा टाकलास?"

"मालकिणीचा."

"त्या बशी माझ्या हायेत, इंदे. बापाच्या जमिनीच्या पैशाच्या."

"आपल्या बापाच्या," मी म्हणाले. "आन बशी तुझ्या असतील तर कागद दाखव."

"मग ऐक. आजपासनं तुला माहेर न्हाई. आई असू दे न्हाईतर नसू दे, माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाई."

आईने चुलीपाशी ओढलं तेव्हापासून अकरा वर्षं हे वाक्य येईल म्हणून मी जीव मुठीत धरून राहिले होते. आलं. वाईट वाटलं, आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पण मी रस्त्यावर उभीच होते आणि मला सपाटून भूक लागली होती.

"दार तुझं हाय, दादा. लाव. पर म्होरला रस्ता सरकारी हाय. पहिल्या शिफ्टची बस सकाळी पावणेसहाला तुझ्या दारासमोरच थांबती. डायवरला सांगते, उद्यापासनं हॉर्न जरा दाबून वाजीव."